क्रीडागुरूंचा अधिकार : अमेरिकन बास्केटबॉलमधील तीन चरित्रे

सत्तेचा इतिहास लिहू पाहणारे लेखक सहसा राजे, सेनापती आणि मुत्सद्दी यांच्याकडे वळतात. सामान्य माणसाला मात्र सत्तेचा पहिला परिचय घडतो तो शाळेतल्या मास्तरांच्या किंवा तालमीतल्या वस्तादांच्या रूपाने. ही सत्ता मोठी विलक्षण असते. तिला कोणी निवडून दिलेले नसते, तिच्या निर्णयावर अपील चालत नाही, आणि ज्यांच्यावर ती चालते त्यांचे वय असे असते की तिचा ठसा जन्मभर पुसला जाऊ नये. कायद्याने मालकाच्या अधिकाराला मर्यादा घातल्या, पोलिसांच्या अधिकाराला घातल्या, पालकांच्याही अधिकाराला घातल्या. परंतु गुरूच्या अधिकाराला हात लावताना समाज नेहमीच कचरत आला आहे. त्यातून तो गुरू यशस्वी असेल, तर हा संकोच अधिकच वाढतो.

या प्रश्नाचा विचार करावयाचा तर अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा इतिहास फार उपयोगी पडतो. त्या देशात विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक म्हणजे केवळ खेळ शिकविणारा नोकर नव्हे. अठरा-वीस वर्षांची मुले तो स्वतः गावोगाव हिंडून निवडतो. कोणी खेळावे, किती वेळ खेळावे आणि कोणी बाकावर बसावे हे तोच ठरवितो. मुलांच्या शिष्यवृत्तीचे भवितव्यही बहुतांशी त्याच्याच मर्जीवर अवलंबून असते. पंधरा-पंधरा हजार प्रेक्षकांच्या सभागृहांत सामने होतात, आणि काही राज्यांत राज्यपालापेक्षा प्रशिक्षकाचे नाव अधिक घरांत माहीत असते. अशा अमर्याद अधिकाराचे तीन धनी या लेखासाठी निवडले आहेत : जॉन वुडन, बॉब नाइट आणि डीन स्मिथ. तिघेही विजयी झाले. म्हणूनच त्यांच्यातील भेद पाहण्यासारखा आहे.

मुळात या खेळाच्या जनकाला प्रशिक्षक ही संस्थाच फारशी मान्य नव्हती. मूळचे कॅनडाचे असलेले जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, वाय.एम.सी.ए.च्या शिक्षणसंस्थेत, हिवाळ्यात कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा खेळ रचला. पीच फळांच्या दोन टोपल्या आणि तेरा नियम एवढेच त्याचे भांडवल. १८९८ मध्ये नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेले. तेथील त्यांचा विद्यार्थी फॉग ॲलन याला दुसऱ्या एका महाविद्यालयाने प्रशिक्षक म्हणून बोलाविले, तेव्हा हा खेळ खेळावयाचा असतो, शिकवावयाचा नसतो, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. नेस्मिथांच्या कारकीर्दीत कॅन्ससने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. ज्या विद्यापीठात त्यांनी या खेळाचा पाया घातला, तेथे विजयांपेक्षा पराजय अधिक असलेले प्रशिक्षक ते एकटेच! ॲलन यांनी मात्र गुरूचे म्हणणे मानले नाही. पुढे त्यांनी कॅन्ससमध्ये जवळजवळ चार दशके प्रशिक्षकपद भूषविले आणि त्यांच्या हाताखालून ॲडॉल्फ रप व डीन स्मिथ यांच्यासारखे शिष्य बाहेर पडले. खेळाडूंच्या खेळाचे गुरूच्या राज्यात रूपांतर झाले ते असे.

जॉन वुडन यांचा जन्म १९१० मध्ये इंडियाना राज्यात झाला. वडिलांची शेती हातची गेली, पण घरातली सचोटी व वाचनाची सवय गेली नाही. पर्ड्यू विद्यापीठाकडून खेळताना ते देशातील अग्रगण्य खेळाडू गणले गेले. पुढे बरीच वर्षे त्यांनी शाळेत इंग्रजी शिकविले. वुडन जन्मभर स्वतःला शिक्षक म्हणवीत, आणि हे विनयाचे बोलणे नव्हते. त्यांच्या सरावाचा कार्यक्रम मिनिटामिनिटाने आखलेला असे. दोन तासांच्या सरावासाठी जवळपास तेवढाच वेळ ते सकाळी आखणीत घालवीत. तो कार्यक्रम लहान कार्डांवर लिहून घेत आणि ती कार्डे वर्षानुवर्षे जपून ठेवीत. हंगामाच्या पहिल्या दिवशी देशातील उत्तमोत्तम खेळाडूंना ते काय शिकवीत? पायमोजे कसे घालावे आणि बुटाची नाडी कशी बांधावी. मोज्याला सुरकुती राहिली की पायाला फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

१९४८ मध्ये ते लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आले. तेथील जुन्या व्यायामशाळेत शेजारीच कुस्ती आणि कसरतीचे वर्ग चालत. सरावापूर्वी धुळीची जमीन झाडण्या-पुसण्याचे काम प्रशिक्षक स्वतः आपल्या मदतनिसांबरोबर करीत. पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले १९६४ मध्ये, म्हणजे सोळाव्या हंगामात. त्यानंतर १९७५ पर्यंतच्या बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे, त्यांपैकी १९६७ ते १९७३ अशी सलग सात, आणि १९७१ ते १९७४ या काळात ओळीने ८८ सामन्यांत विजय. असा विक्रम पुरुषांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये दुसऱ्या कोणालाही करता आलेला नाही. इतके असूनही यशाची जी पंधरा पायऱ्यांची आकृती त्यांनी सुमारे चौदा वर्षे खपून सिद्ध केली, तिच्यात विजय नावाची पायरीच नाही. तळाशी उद्योग आणि उत्साह, शिखरावर स्पर्धेतील थोरवी. आणि यशाची व्याख्या अशी की आपल्या शक्तीप्रमाणे सर्व केले, या जाणिवेतून मिळणारे मनाचे समाधान.

वुडन यांच्या अधिकाराचे स्वरूप एका प्रसंगातून चांगले उमगते. बिल वॉल्टन हा त्यांचा सर्वांत थोर खेळाडूंपैकी एक. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शने करताना मे १९७२ मध्ये त्याला अटकही झाली होती. हा वॉल्टन एकदा दाढी वाढवून सरावाला आला. दाढी ठेवणे हा आपला हक्क आहे, असे त्याचे म्हणणे. स्वतःच्या मतासाठी उभे राहणाऱ्यांबद्दल आपल्याला आदर वाटतो, असे वुडन यांनी त्याला सांगितले. आणि तो संघात नसल्यामुळे आम्हांला त्याची उणीव भासेल, असेही सांगितले. वॉल्टन सायकलवर बसून दाढी काढावयास गेला. ही गोष्ट तो स्वतःच पुढे हसत हसत सांगत असे. येथे आवाज चढला नाही, अपमान झाला नाही. नियम आधीपासून माहीत होता, तो सर्वांना सारखा होता, आणि नियम न पाळण्याचे परिणामही स्पष्ट होते. वॉल्टनच्या राजकीय मतांवर मात्र या नियमाचा अंमल चालला नाही. ती मते जन्मभर त्याचीच राहिली.

१९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी वुडन यांच्या सरावाला बसून त्यांच्या शिकविण्याच्या २,३२६ कृतींची नोंद केली. स्तुती थोडी, निंदाही थोडी. सुमारे तीन चतुर्थांश भाग निव्वळ माहितीचा आढळला. काय करावे, कसे करावे, चुकले ते कोठे, एवढेच. राग हे त्यांचे साधन नव्हते. याचा अर्थ ते संत होते असा नव्हे. हातात कार्यक्रमपत्रिकेची सुरळी धरून ते पंचांना आणि प्रतिपक्षाच्या खेळाडूंना बाकावरून टोचून बोलत, याची साक्ष अनेकांनी दिली आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे त्यांच्या संघातील मुलांभोवती एका धनिक चाहत्याचा वावर असे आणि नियमबाह्य साहाय्य त्याच्याकडून मिळत असे. वुडन निवृत्त झाल्यावर, १९८१ मध्ये, राष्ट्रीय क्रीडासंस्थेने विद्यापीठावर कारवाई करून त्या गृहस्थाशी संबंध तोडावयास लावले. व्यायामशाळेतील मोज्याची सुरकुती ज्यांच्या नजरेतून सुटत नसे, त्यांची नजर व्यायामशाळेच्या दाराबाहेर तितकीशी गेली नाही, हे नमूद करणे भाग आहे.

वुडन ज्या मार्टिन्सव्हिल गावी शाळेत शिकले, तेथून अवघ्या वीस मैलांवर ब्लूमिंग्टन हे विद्यापीठाचे गाव आहे. तेथे १९७१ मध्ये तीस वर्षांचे बॉब नाइट इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून आले. ते मूळचे ओहायोचे. ओहायो राज्य विद्यापीठाच्या १९६० च्या विजेत्या संघात ते राखीव खेळाडू होते, आणि वयाच्या चोविसाव्या वर्षीच वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात प्रमुख प्रशिक्षक झाले. खेळाच्या बुद्धीत ते कोणालाही हार जाणारे नव्हते. त्यांची आक्रमणाची पद्धत ठरलेल्या चाली पाठ करण्याची नसून समोरच्या बचावाकडे पाहून क्षणोक्षणी निर्णय घेण्याची होती. देहापेक्षा मनाचे काम या खेळात चौपट महत्त्वाचे, असे ते मानीत. १९७६ मध्ये त्यांच्या संघाने ३२ पैकी ३२ सामने जिंकले. त्यानंतर एकही सामना न हरता पुरुषांचे हे अजिंक्यपद आजवर कोणी मिळविलेले नाही. १९८१ आणि १९८७ मध्ये पुन्हा अजिंक्यपद, मध्यंतरी १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघाला सुवर्णपदक.

त्यांच्या सद्गुणांची यादीही लहान नाही. खेळाडूंच्या भरतीत पैशाचा गैरव्यवहार त्यांनी केला नाही, इतरांनी केलेला खपविला नाही. मुलांनी वर्गात बसावे, पदवी घ्यावी, यावर त्यांचा कटाक्ष असे. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी त्यांनी स्वतः देणगी दिली आणि इतरांकडून निधी जमविला. १९८१ मध्ये लँडन टर्नर हा त्यांचा खेळाडू मोटार अपघातात पंगू झाला, तेव्हा त्याच्या उपचारांसाठी त्यांनी जिवाचे रान केले. १९६९ मध्ये वेस्ट पॉइंटच्या संघाचा कर्णधार माइक शेशेव्स्की याचे वडील हंगामाच्या ऐन अखेरीस वारले, तेव्हा नाइट शिकागोला जाऊन त्या कुटुंबात काही दिवस राहिले. अशा माणसाला केवळ दुष्ट म्हणून बाजूला सारणे म्हणजे इतिहासाशी प्रतारणा होय.

परंतु त्याच माणसाला १९७९ मध्ये पोर्टो रिकोतील एका पोलीस अधिकाऱ्यावर हात टाकल्याबद्दल त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरविण्यात आले. २३ फेब्रुवारी १९८५ रोजी पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यात पंचांचा राग येऊन त्यांनी प्लास्टिकची खुर्ची उचलून मैदानावर फेकली. शिक्षा झाली एका सामन्याच्या बंदीची. सरावातील शिवीगाळ हा तर नित्याचा भाग होता. स्वतःच्या खेळाडूंकडून ते चेंडूच्या प्रत्येक क्षणी जो आत्मसंयम मागत, तो त्यांना स्वतःला पाळता येत नसे. आणि याबद्दल त्यांना जाब विचारण्याचा अधिकार त्या मुलांपैकी कोणालाही नव्हता. नियम करणारा नियमाबाहेर उभा होता.

२००० साली या गोष्टीचा शेवट झाला, आणि तो शेवट कायद्याच्या अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात एका माजी खेळाडूची तक्रार दूरचित्रवाणीवर आली. १९९७ च्या सरावात प्रशिक्षकांनी आपला गळा धरला होता, असे तिचे स्वरूप. पाठोपाठ त्या सरावाची चित्रफीतही प्रसिद्ध झाली. मे महिन्यात विद्यापीठाचे अध्यक्ष माइल्स ब्रँड यांनी नाइट यांना दंड केला, तीन सामन्यांची बंदी घातली आणि यापुढे कोणतेही गैरवर्तन मुळीच सहन केले जाणार नाही, असे बजाविले. सप्टेंबरमध्ये एका नव्या विद्यार्थ्याने त्यांना वाटेत नुसत्या आडनावाने हाक मारली. नाइट यांनी त्याचा दंड धरला आणि वडिलांशी कसे बोलावे याचा पाठ दिला. १० सप्टेंबर रोजी त्यांना बडतर्फ करण्यात आले. केवळ या एका घटनेमुळे हा निर्णय घेतला नसून मधल्या महिन्यांतील एकंदर वर्तन व अवज्ञा हे कारण आहे, असा खुलासा अध्यक्षांनी केला. तरी हजारो विद्यार्थी निषेधासाठी रस्त्यावर आले.

या प्रकरणात बहुतेक लोक नाइट दोषी की निर्दोष एवढाच वाद घालतात. वस्तुतः आरोपीच्या पिंजऱ्यात विद्यापीठही उभे राहावयास हवे. एकोणतीस वर्षे त्याने या प्रशिक्षकाला कोणतीही ठाम मर्यादा घातली नाही. जिंकत आहे तोवर त्याच्या क्रोधाला तेज म्हटले गेले, कथा म्हटले गेले. तक्रार करणाऱ्या मुलाने कोणाकडे जावे, याची सोय नव्हती. आणि जेव्हा नियम आला तेव्हा तो इतका कठोर आला की गळा धरणे आणि दंड धरणे यांत त्याला फरक करता येईना. शिक्षेच्या पायऱ्या असाव्यात हे न्यायाचे जुने तत्त्व आहे. पहिल्या अपराधाला समज, दुसऱ्याला दंड, तिसऱ्याला पदच्युती, असा क्रम असता तर कदाचित नाइटही वाचले असते आणि ती मुलेही. अतिलाडाने बिघडविलेल्याला अतिकठोरपणाने सुधारता येत नाही, हे घरात खरे आहे तसे संस्थेतही.

नाइट पुढे टेक्सास टेक विद्यापीठात गेले आणि २००८ मध्ये ९०२ विजयांसह निवृत्त झाले. ब्लूमिंग्टनच्या त्या सभागृहात ते पुन्हा पाऊल ठेवते झाले ते ८ फेब्रुवारी २०२० रोजी. वार्धक्याने थकलेल्या प्रशिक्षकाभोवती त्यांचे जुने खेळाडू उभे राहिले आणि प्रेक्षकांनी सभागृह दणाणून सोडले. १ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. ज्यांना त्यांनी शिव्या दिल्या, त्यांपैकी अनेकांनी त्यांच्यावर मनापासून प्रेम केले, ही गोष्ट खरी आहे. परंतु टिकून राहिलेल्यांच्या प्रेमाने निघून गेलेल्यांची साक्ष खोटी ठरत नाही.

तिसरे चरित्र डीन स्मिथ यांचे. त्यांचे वडील कॅन्ससमधील एम्पोरिया गावी शाळेचे प्रशिक्षक होते. राज्यस्पर्धेत कृष्णवर्णीय मुलगा खेळविण्याचा प्रघात नसताना त्यांनी १९३४ मध्ये तो खेळविला. हा वारसा घेऊन स्मिथ १९६१ मध्ये उत्तर कॅरोलायना विद्यापीठाचे प्रमुख प्रशिक्षक झाले. आरंभ खडतर होता. जानेवारी १९६५ मध्ये एका पराभवानंतर संघाची बस परत आली, तेव्हा विद्यार्थ्यांनी प्रशिक्षकांचा पुतळा झाडाला फासावर लटकाविलेला होता. बिली कनिंगहॅम या खेळाडूने बसमधून उतरून तो ओढून काढला. पुढे स्मिथ यांनी चार्ली स्कॉट याला संघात घेतले. त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉलमध्ये शिष्यवृत्ती मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, आणि तोही वंशभेद अजून धगधगत असलेल्या दक्षिणेत.

स्मिथ यांनी आपल्या राज्यात काही लहान लहान संकेत रुजविले. बास्केट करणाऱ्याने, ज्याने आपल्याला चेंडू दिला त्याच्याकडे बोट दाखवून त्याचे श्रेय मान्य करावयाचे. मैदानावरून परत येणाऱ्या खेळाडूसाठी बाकावरच्या सर्वांनी उठून उभे राहावयाचे, मग तो पहिला असो की शेवटचा. सर्वांत अर्थपूर्ण संकेत थकव्याचा. खेळाडू दमला तर त्याने मूठ वर करावी; त्याला बदली मिळे, आणि विश्रांतीनंतर मैदानात पुन्हा केव्हा जावयाचे हे तो स्वतः ठरवी. प्रशिक्षकाच्या विचारण्याची वाट न पाहता ‘मी दमलो’ असे म्हणण्याचा हक्क! सत्ताधाऱ्याने आपल्या सत्तेचा एक तुकडा कापून प्रजेच्या हाती दिल्याचे असे उदाहरण राजकारणातही विरळा. त्यांनी १९८२ आणि १९९३ मध्ये अजिंक्यपदे मिळविली, आणि १९९७ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ८७९ विजय होते. रप यांचा ८७६ चा उच्चांक त्यांनी त्याच वर्षी मागे टाकला.

७ फेब्रुवारी २०१५ रोजी स्मिथ वारले. त्यांच्या मृत्युपत्रातील एक कलम वकिलालाही थांबून वाचावयास लावील असे आहे. त्यांच्या हाताखाली संघातून खेळलेल्या, सुमारे १८० असलेल्या, प्रत्येक खेळाडूला २०० डॉलरांचा धनादेश पाठविण्यात यावा आणि त्याने प्रशिक्षकांच्या वतीने बाहेर जेवणाचा आनंद घ्यावा. मायकेल जॉर्डनसारख्या कोट्यधीशाला आणि वर्षात मोजकी मिनिटे खेळलेल्या मुलाला रक्कम एकच. मृत्युपत्रे माणसाच्या जिभेवरचे नव्हे तर मनातले सांगतात, असा आमच्या व्यवसायाचा अनुभव आहे.

आता विजयांचा आकडा पाहा. रप यांचा उच्चांक स्मिथांनी मोडला, स्मिथांचा २००७ मध्ये नाइटांनी, आणि नाइटांचा १५ नोव्हेंबर २०११ रोजी न्यूयॉर्क येथे शेशेव्स्की यांनी. ज्याच्या घरी नाइट पितृशोकात धावून गेले होते, तोच हा शिष्य. त्या रात्री गुरू समालोचक म्हणून सभागृहात हजर होते आणि सामन्यानंतर दोघांनी एकमेकांना आलिंगन दिले. शेशेव्स्की पुढे २०२२ मध्ये १,२०२ विजयांसह निवृत्त झाले. या आकड्यांच्या माळेत क्रोधी आणि शांत, कठोर आणि उदार सर्व एकाच दोऱ्यात ओवलेले आहेत. तेव्हा भय घातल्याशिवाय मोठे यश मिळत नाही, हा युक्तिवाद पुराव्यावर टिकत नाही. आणि प्रेमळ गुरूच नेहमी जिंकतो, हाही टिकत नाही. निकालपत्रकावरून गुरूची परीक्षा होऊ शकत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

मग परीक्षा करावयाची कशावरून? या तीन चरित्रांवरून तीन प्रश्न सुचतात. गुरूने घातलेला नियम गुरूला लागू आहे काय? शिष्याला ‘नाही’ किंवा ‘आता पुरे’ म्हणावयास जागा आहे काय? आणि ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचे ऐकून घेणारे गुरूखेरीज दुसरे कोणी आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वुडन यांनी जमीन झाडून दिले, दुसऱ्याचे स्मिथ यांनी खेळाडूला मूठ वर करण्याचा हक्क देऊन. तिसऱ्याचे उत्तर मात्र कोणताही गुरू, कितीही थोर असला तरी, स्वतः देऊ शकत नाही. ते संस्थेने द्यावयाचे असते, आणि पहिले अजिंक्यपद मिळण्यापूर्वी द्यावयाचे असते. इंडियाना विद्यापीठाने ते देण्यास एकोणतीस वर्षे घेतली. आपल्या शाळांच्या, महाविद्यालयांच्या आणि क्रीडामंडळांच्या चालकांनी आपल्याकडे या प्रश्नाचे काय उत्तर आहे, हे एकदा शांतपणे तपासून पाहावे, एवढीच विनंती.